देव ऐकतो, मग देत का नाही?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील एका कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईच्या इस्पितळात उपचार सुरू झाले आणि इकडे सारा गाव प्रार्थनेला लागला. रोज संध्याकाळी एकेका घरी जपमाळ होत असे. मुलाच्या आईने माहीमला नऊ बुधवार नोव्हेना केली. वांद्र्याला मोत माऊलीच्या चरणी मेणाचे बाळ वाहिले. शाळेतील मुलांनी त्याच्यासाठी उपवास केला. मी स्वतः रोजच्या मिस्सात त्याचे नाव घेत होतो. आठ महिन्यांनी तो मुलगा गेला.

दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलावे ते सुचेना. मग आपण सगळे अशा वेळी बोलतो तेच मी बोलून गेलो, "बाई, देवाला त्याच्या बागेत एक सुंदर फूल हवे होते." आईने मान वर केली आणि शांतपणे विचारले, "फादर, देवाच्या बागेत फुलं कमी होती का?"

मी निरुत्तर झालो. त्यानंतर बरेच महिने ती बाई रविवारच्या मिस्साला दिसली नाही.

हा लेख त्या प्रश्नातून आलेला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो. कुणाच्या मुलाला नोकरी लागत नाही, कुणाच्या घरातील दारू सुटत नाही, कुणाला मूल होत नाही, कुणाचे आजारपण संपत नाही. आपण मागत राहतो आणि वर आकाश गप्प. मागा म्हणजे मिळेल, असे तर प्रभूनेच सांगितले आहे (मत्त ७:७). मग आपल्याच वाट्याला हे मौन का? चला, आज या प्रश्नाकडे पवित्र शास्त्राच्या आणि संतांच्या जीवनाच्या प्रकाशात पाहू या.

१. हा प्रश्न विचारणे पाप नाही

पुष्कळ भाविकांना वाटते, की देवाला जाब विचारणे म्हणजे श्रद्धा सोडणे. परंतु बायबल तसे सांगत नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राचा कर्ता देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, की हे असे किती काळ चालायचे? हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या आरंभीच तक्रार करतो, की मी ओरडतो आहे आणि तू ऐकत नाहीस. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर अंधारातच होतो. त्यात समाधानाची एकही ओळ शेवटी येत नाही. तरीही ख्रिस्तसभेने हे स्तोत्र वगळले नाही. उलट धर्मगुरू व धर्मभगिनी दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हणतात.

ईयोबाच्या पुस्तकात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात. तू काहीतरी पाप केले असशील म्हणूनच हे भोगतो आहेस, असे ते त्याला पटवू पाहतात. ईयोब मात्र देवाशी भांडतो. शेवटी देव कोणावर रागावतो? त्या मित्रांवर! माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा निवाडा देव देतो (ईयोब ४२:७). म्हणजे देवाचे वकीलपत्र घेऊन दुःखिताला गप्प करणाऱ्यापेक्षा, रडत का होईना पण देवाशी बोलत राहणारा माणूस देवाला अधिक जवळचा वाटतो. तक्रार ही देखील प्रार्थनाच आहे, कारण ती देवाकडे तोंड करून केलेली असते.

२. सोपी उत्तरे आणि त्यांचा धोका

अशा वेळी आपण एकमेकांना जी उत्तरे देतो, ती जरा तपासून पाहू या.

(अ) "तुझी श्रद्धा कमी पडली." हे उत्तर फार क्रूर आहे. आधीच पोळलेल्या माणसाच्या माथी आपण आणखी अपराधाचे ओझे देतो. शुभवर्तमानात आजारी मुलाचा एक बाप येशूजवळ कबूल करतो, की माझा विश्वास आहे, पण तो अपुरा आहे, मला साहाय्य कर (मार्क ९:२४). येशू त्याला परत पाठवीत नाही, त्याच्या मुलाला बरे करतो. दुसरीकडे संत पौलाची श्रद्धा कमी होती असे कोण म्हणेल? तरी त्याची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा श्रद्धेचे माप लावून हा हिशेब सुटत नाही.

(आ) "ही पापाची शिक्षा आहे." जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). त्याने नाकारलेले उत्तर आपण पुन्हा वापरू नये.

(इ) "तुम्ही चुकीचे मागितले." हे काही वेळा खरे असते. संत याकोब तसे लिहितो (याकोब ४:३). जब्दीचे मुलगे मानाच्या जागा मागत होते तेव्हा येशूने त्यांना सांगितले, की तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही (मार्क १०:३८). आपल्याही काही मागण्या अशा असतात आणि पुढे कधीतरी आपण म्हणतो, बरे झाले देवाने ऐकले नाही. परंतु आईने मुलाचे प्राण मागावेत, यात चुकीचे काय आहे? म्हणून हे उत्तर आपण स्वतःच्या बाबतीत तपासावे, दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नये.

(ई) "नवस पुरा केला नसेल." आपल्या भागात नोव्हेना, मेणबत्ती, अनवाणी यात्रा या सुंदर परंपरा आहेत. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या बुधवारच्या नोव्हेनाला आजही सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. त्या रांगेत उभे राहणे ही श्रद्धाच आहे. पण नऊ बुधवार म्हणजे नऊ हप्ते नव्हेत, की ते भरले म्हणजे माल घरी यावा. मेणाचे बाळ वा मेणाचा पाय ही आपल्या काळजीची खूण आहे, किंमत नव्हे. देव दुकानदार नाही. तो बाप आहे, आणि बापाशी सौदा होत नाही, बोलणे होते.

३. संत मोनिकाचे अश्रू

आता एका आईची गोष्ट पाहू. संत मोनिका ही उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावची. आज ते गाव अल्जिरिया देशात आहे. तिचा मुलगा ऑगस्तीन याचा जन्म ३५४ साली झाला. मुलगा अतिशय हुशार, पण तरुणपणी कार्थेज शहरात शिकायला गेला आणि वाट चुकला. तो मानी पंथात गेला आणि सुमारे नऊ वर्षे त्यात राहिला. आई रडून प्रार्थना करीत राहिली. ती एका बिशपांकडे गेली, माझ्या मुलाशी बोला म्हणून त्यांच्या मागे लागली. एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही, असे सांगून त्यांनी तिची समजूत घातली. हे सारे ऑगस्तीनने पुढे 'कबुलीजबाब' या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले.

त्याच ग्रंथात एका रात्रीची हकीकत आहे. ३८३ साली ऑगस्तीनने रोमला जायचे ठरविले. मोनिका घाबरली. हा डोळ्यांआड गेला की कायमचा हातचा जाईल, अशी तिला भीती वाटली. ती किनाऱ्यापर्यंत त्याच्यामागे आली. एका मित्राला निरोप द्यायचा आहे, अशी थाप मारून ऑगस्तीनने तिला जवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावले. ती रात्रभर तेथे देवाला विनवीत राहिली, की माझ्या मुलाला जाऊ देऊ नकोस. सकाळी बाहेर येऊन पाहते, तर जहाज निघून गेलेले!

त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोनिकाला कोणी विचारले असते, की देवाने तुझी प्रार्थना ऐकली का, तर तिने काय उत्तर दिले असते? तिने एकच गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच मिळाली नव्हती. पण रोमहून ऑगस्तीन ३८४ साली मिलान शहरी गेला. तेथे त्याला बिशप संत अम्ब्रोज भेटले. ३८६ मध्ये त्याचे हृदयपरिवर्तन झाले आणि ३८७ सालच्या ईस्टरच्या जागरण रात्री अम्ब्रोज यांच्या हातून त्याने स्नानसंस्कार घेतला. मोनिका मिलानला येऊन पोहोचली होतीच.

पुढे मागे वळून पाहताना ऑगस्तीन या घटनेचा अर्थ असा लावतो, की आई त्या रात्री जे मागत होती ते देवाने दिले नाही, कारण ती नेहमी जे मागत होती ते त्याला द्यायचे होते. त्या रात्रीची मागणी होती, 'जाऊ देऊ नकोस.' तिच्या आयुष्यभराची मागणी होती, 'त्याला तुझ्याकडे आण.' देवाने वरची मागणी बाजूला ठेवून तिच्या आतली मागणी ऐकली.

मोनिकाची आणखीही एक इच्छा होती. आपल्या गावी, पतीच्या शेजारी आपल्याला पुरावे म्हणून तिने जागा तयार करून ठेवली होती. तीही पुरी झाली नाही. परत जाताना त्याच वर्षी रोमजवळील ओस्तिया बंदरात ती आजारी पडून वारली. तेव्हा ती ५६ वर्षांची होती. परंतु मरणापूर्वी तिने मुलांना सांगितले, की माझे शरीर कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. इतक्या वर्षांच्या प्रार्थनेने मुलगा बदलला, तशी आईही बदलली होती. २७ ऑगस्टला आपण तिचा सण साजरा करतो आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ला, तिच्या मुलाचा.

४. पेला दूर झाला नाही, तरी प्रार्थना ऐकली गेली

कुणी म्हणेल, "फादर, मोनिकाला शेवटी मुलगा मिळाला. माझा तर गेला. माझ्यासाठी तुमच्याकडे कोणती गोष्ट आहे?"

हा प्रश्न योग्य आहे. त्यासाठी आपल्याला गेथसेमनीच्या बागेत जावे लागेल. तेथे देवाचा पुत्र जमिनीवर पडून पित्याला विनवितो, की शक्य असेल तर हा पेला माझ्यापासून दूर कर. एकदा नव्हे, तीनदा (मत्त २६:३९-४४). पेला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूसावर त्याने बाविसाव्या स्तोत्राचा आरंभीचा आक्रोश केला. जगातील सर्वांत निष्पाप ओठांतून आलेली प्रार्थना शब्दशः मान्य झाली नाही. मग आपली झाली नाही, यात आपल्या नालायकीचा पुरावा कशाला शोधायचा?

इब्री लोकांस पत्रात मात्र एक थक्क करणारे विधान आहे. येशूने मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली, असे तेथे म्हटले आहे (इब्री ५:७). ऐकली गेली? तो तर मेला! पण त्याच रात्री देवदूताने येऊन त्याला शक्ती दिली (लूक २२:४३), आणि तिसऱ्या दिवशी पित्याने त्याला कबरेतून उठविले. पित्याने पुत्राला मरणापासून बाजूला नेले नाही, मरणातून पार नेले. देवाच्या दरबारी 'ऐकले' या शब्दाचा अर्थ आपल्या अर्थापेक्षा मोठा आहे.

संत पौलाचेही तसेच झाले. आपल्या शरीरातील काटा निघून जावा म्हणून त्याने तीनदा प्रभूला विनंती केली. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, असा उत्तराचा आशय त्याला कळला (२ करिंथ १२:७-१०). 'नाही' हेदेखील उत्तर असते, परंतु देवाचे 'नाही' रिकाम्या हाताने येत नाही. मासा मागणाऱ्या मुलाला बाप साप देणार नाही, हे सांगताना लूक शेवटी काय लिहितो ते पाहा. स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा देतो (लूक ११:१३). म्हणजे देव वस्तू देईल वा न देईल, स्वतःला द्यायचे तो थांबत नाही.

लाझरस आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस तेथेच थांबला. तो बेथानीला पोहोचला तेव्हा लाझरसला कबरेत चार दिवस झाले होते. मार्था आणि मरिया दोघींनी त्याला एकच बोल लावला, की तू असतास तर आमचा भाऊ मेला नसता. उशीर का झाला याचे स्पष्टीकरण येशूने मरियेला दिले नाही. तो रडला (योहान ११:३५). पुढे काय घडणार हे ठाऊक असूनही तो रडला. दुःखी घरात प्रवेश कसा करावा, हे त्याच्याकडून शिकावे.

५. मदर तेरेसांचा अंधार

'पण मला देव जवळ आहे असे वाटतच नाही,' असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्या देशातील एक उदाहरण आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली आणि जग चकित झाले. गरिबांची सेवा सुरू केल्यानंतर त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव येईनासा झाला, आणि मधला थोडा काळ सोडता ही स्थिती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तरी त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावरील मरणासन्न माणसांना उचलायला जात होत्या. आतून काही जाणवत नसताना त्यांनी देवाचे काम सोडले नाही. त्यांचे निधन १९९७ मध्ये झाले आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. देव जाणवत नाही म्हणजे तो नाही, असे नव्हे. आणि जाणवत नसतानाही केलेली प्रार्थना वाया जात नाही.

६. मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, मागणे थांबवू नका. मनात आहे ते स्पष्ट शब्दांत मागा. येशूनेही आधी पेला दूर कर असेच म्हटले आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. पहिले वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जाण्याची घाई नको.

दुसरी, प्रार्थनेबरोबर औषधोपचार करा. बेन सिराच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राख, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असा उपदेश आहे. देवावर भरवसा आहे म्हणून गोळ्या बंद करणे ही श्रद्धा नव्हे.

तिसरी, स्वतःला प्रार्थना करता येत नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या प्रार्थनेवर टेका. पक्षघाती मनुष्याला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडले, तेव्हा येशूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला (मार्क २:५). खाटेवर पडलेल्याने आपल्या पायांनी यावे, अशी अट त्याने घातली नाही.

चौथी, दुःखाच्या घरी कमी बोला. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते (ईयोब २:१३). तेवढेच त्यांचे बरोबर होते. तोंड उघडल्यावर चुकले. डबा न्या, पाणी भरा, धाकट्या मुलांना शाळेत सोडा. देवाची योजना समजावून सांगायला जाऊ नका.

शेवटी

वर्षभराने मी त्या आईची क्षमा मागायला गेलो. "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचे होते," असे मी म्हटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन चहा घेऊन आली. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, ती कबरस्तानातील मिस्साला आली आणि हळूहळू रविवारीही येऊ लागली. शेजारच्या वाडीतील एक मुलगी त्याच आजाराने इस्पितळात असल्याचे कळले, तेव्हा आठवड्यातून दोनदा तिच्या आईसाठी डबा घेऊन ही बाई रेल्वेने जात असे. तिथे ती काय बोलते, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "काही नाही फादर. नुसती बसते. तिला जेवायला लावते."

आणखी एक वाक्य ती बोलली, ते मी विसरलेलो नाही. "देवाशी माझं अजून नीट बोलणं नाही. पण त्याच्या घरी येणं मी सोडणार नाही."

तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी तिला आजवर देऊ शकलेलो नाही. ते ज्याने द्यायचे, त्याच्यासमोर ती दर रविवारी येऊन बसते. मला वाटते, श्रद्धा म्हणतात ती हीच.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा वाडीतील प्रार्थनासभेत चर्चा करावी)

१. माझी कोणती प्रार्थना अजून अनुत्तरित आहे? त्या मागणीच्या आत दडलेली माझी खरी मागणी कोणती?

२. दुःखात असलेल्या कुणाला मी सोपे उत्तर देऊन दुखावले आहे का? त्याच्याकडे परत जाता येईल का?

३. आपल्या वाडीत सध्या कोणाला स्वतः प्रार्थना करणे जड जात आहे? त्यांच्या खाटेचे चार कोपरे कोण धरील?

प्रार्थना

हे प्रभू येशू, गेथसेमनीच्या बागेत तूही वाट पाहिलीस. आमच्यापैकी ज्यांनी मागितले आणि ज्यांना मिळाले नाही, त्यांच्याजवळ बस. आम्हाला समजत नाही तेव्हा तुझ्याकडे रडायला शिकव, आणि दुसरा रडत असेल तेव्हा गप्प राहायला शिकव. मरियामाते, क्रूसाखाली उभी राहणारे आई, आमच्या घरांतील सर्व मातांना धीर दे. आमेन.